नऊ वर्षांच्या मुलीसाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार आणि अँप

टिळकवाडीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची आहे, उंची साधारण १३० सेंटीमीटर. क्लासच्या सरांनी इलेक्ट्रिक चालेल म्हटलंय. गिटार, अँप, बॅग, वायर सगळं मिळून २५ हजारांत बसवायचंय. फ्लॅटमध्ये राहतो आणि खाली वयस्कर जोडपं आहे, म्हणजे आवाजाचाही प्रश्न आला. इथं बेळगावच्या खडेबाजारात पूर्ण मापाची गिटार आणि १० वॅटचा अँप असा जोड दाखवला. दुकानदार म्हणतो, "पोरं वाढतात, मोठीच घ्या." घरचे म्हणतात, आधी साधी लाकडी गिटार घ्या, बोटं पक्की होऊ देत. कुणाचं ऐकू?

तारकस
ताई, दोघांचंही नको.

आधी लाकडी गिटारचं. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर सहसा बाराचा सेट असतो, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या १२ हजारांश जाड. इलेक्ट्रिकवर नऊचा सेट येतो, ९ ते ४२. तार बारीक, ताण कमी, शिवाय तार पट्टीच्या जवळ बसवता येते. नऊ वर्षांच्या बोटांना बाराच्या तारेवर एफ कॉर्ड दाबायला लावली की पोर महिनाभरात गिटार कपाटावर टाकतं. नायलॉनची क्लासिकल गिटार मऊ असते हे खरं, पण तिची मान वरच्या टोकाला ५२ मिलिमीटरच्या आसपास रुंद. इलेक्ट्रिकची ४२ च्या आसपास. लहान पंजाला तो सेंटीमीटर फार जाणवतो. बोटांना घट्टे इलेक्ट्रिकवरही पडतातच, तेवढी काळजी नको.

आता मापाचं. गिटारचं खरं माप म्हणजे स्केल, तारेची वाजती लांबी. दुकानात टेप घेऊन जा. वरच्या पांढऱ्या नटापासून (तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) मोजा आणि दुप्पट करा, की स्केल आलं. पूर्ण मापाची फेंडर पद्धतीची गिटार साडेपंचवीस इंची, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सन पद्धतीची पावणेपंचवीस. मस्टँग नावाने येते ती २४. मुलांसाठीच्या: स्क्वायरची मिनी स्ट्रॅट पावणेतेवीस इंची, जॅक्सनची मिनियन साडेबावीस, आयबानेझची मायक्रो २२.२.

इंचांत हा फरक किरकोळ वाटतो. हातावर काय होतं ते बघा: नटापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर पूर्ण मापावर १३४ मिलिमीटर, २४ इंचीवर १२६, मायक्रोवर ११६. सुरुवातीचे सगळे सराव एका फ्रेटला एक बोट, असे याच चार फ्रेटांत चालतात. मुलीला खुर्चीत बसवा, गिटार मांडीवर द्या, पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर आणि करंगळी चौथ्या फ्रेटवर ठेवायला सांगा. मनगट बाहेर न वाकता करंगळी पोचली तर ते माप तिचं. खांदा वर चढत असेल किंवा अंगठा मानेच्या वर येऊन लटकत असेल तर गिटार मोठी आहे.

१३० सेंटीमीटर उंचीला मी साडेबावीस ते पावणेतेवीस म्हणेन. २४ इंचीही हाताळून बघा, काही पोरांचे हात लांब असतात.

कॅम्पातला
तारकसांशी अर्धा सहमत. मिनी गिटार दोन-तीन वर्षांत लहान पडते आणि जुन्यात विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळत नाही. २४ इंची मस्टँग घेतली तर दहावीपर्यंत खुशाल चालते. बरीच मोठी माणसंही आवडीने २४ इंचीच वाजवतात. हार्डटेल, म्हणजे तारांचा पूल (ब्रिज) अंगाला पक्का बसवलेला; दोन हंबकर, वजन बेताचं. नऊ वर्षांच्या मुलीला पहिले सहा महिने थोडं ताणावं लागेल, तर कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावून शिकवायचं. फ्रेट आपोआप जवळ येतात.

तारकस
कॅपोची युक्ती चांगली आहे. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की २४ इंची गिटार २१.४ इंची होते. अडचण इतकीच, की क्लासमध्ये बाकीची पोरं कॅपोशिवाय वाजवत असतात, हिचा सूर एक टोन वर जातो. दोन टोन नव्हे, एकच, पण तेवढाही बेसूर व्हायला पुरे. घरी वापरा, क्लासमध्ये काढा.

मिनी घेतलीच तर एक गोष्ट आठवणीनं करा, दुकानं करून देत नाहीत. छोट्या स्केलवर त्याच सुरात तार सैल पडते, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. साडेपंचवीसच्या मानाने पावणेतेवीसवर ताण २० टक्क्यांनी कमी, मायक्रोवर २४ टक्क्यांनी. कारखान्यातून सहसा नऊचा सेट लागून येतो. तो मिनीवर इतका ढिला लागतो की मूल जरा जोरात दाबलं की सूर वर सरकतो, आणि आई-बाप म्हणतात गिटार सुरात राहत नाही. दहाचा सेट लावा, १० ते ४६. पावणेतेवीसवर दहाचा ताण पूर्ण मापावरच्या नऊएवढाच येतो. सेट बदलल्यावर ब्रिजवरच्या घोड्या (तारेखालचे छोटे आधार) मागे-पुढे करून बारावा फ्रेट पुन्हा सुरात आणावा लागतो. ते शेवटी सांगतो.

निपाणीकर
माझ्या पुतण्यासाठी विचारतो. वय १३, उंची १६० च्या वर. त्याला मेटल वाजवायचंय आणि तो दांडीवाला, सूर खालीवर करणारा फ्लॉइड रोझ ब्रिजच पाहिजे म्हणून बसलाय.

कॅम्पातला
पूर्ण मापाची घ्या, पण फ्लॉइड नको. त्यात पूल स्प्रिंगवर तरंगतो. एक तार तुटली की उरलेल्या पाचही सुरातून जातात. नवीन तार लावायची तर तिच्या टोकाचा गोळा कापायचा, अॅलन कीने कुलूप उघडायचं, सगळ्या तारा आळीपाळीने पाच-सहा फेऱ्या लावायच्या. ड्रॉप डी (सर्वांत जाड तार एक टोन खाली) करायची म्हटली तरी बाकीच्या पाच पुन्हा लावा. तेरा वर्षांच्या मुलाचा निम्मा वेळ खुंट्या पिळण्यात जाईल. फिक्स ब्रिजची दोन हंबकरवाली घ्या. यामाहाची पॅसिफिका ०१२ पण बघा, तिच्या ब्रिजच्या टोकाला हंबकर आहे म्हणजे त्याचं मेटल भागतं, आणि उरलेल्या दोन सिंगल कॉइलवर बाकी सगळं वाजतं. तिची दांडी साधी आहे. नको असेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळले की पूल लाकडाला टेकतो.

टिळकवाडीची_आई
हंबकर आणि सिंगल कॉइल यातला फरक मला अजून कळलेला नाही. आमच्या उपयोगाचा आहे का तो?

वायरमन_शहापूर
आहे की. दोन्ही पिकअपचे प्रकार, पिकअप म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. ते तारेची थरथर पकडतं, त्याबरोबर घरातल्या विजेची घरघरही पकडतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घरघर ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येते. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, घरघर एकमेकींत मिटते आणि तारेचा आवाज राहतो. फ्लॅटमध्ये वाय-फाय, एलईडी ट्यूब, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाईल चार्जर, सगळं हाताच्या अंतरावर. शक्य असेल तर निदान ब्रिजला हंबकर असू दे. आयबानेझ मायक्रो आणि जॅक्सन मिनियनला दोन्ही हंबकर आहेत, मिनी स्ट्रॅटला तीनही सिंगल.

इन्व्हर्टरचंही बघा. घरात जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर अँप भुंग्यासारखा ओरडतो. त्यात अँपचा दोष नसतो. साइन वेव्हवर तो आवाज जवळजवळ जातो. नाहीतर लाईट येईपर्यंत सेलवर चालणारा अँप वापरा.

आणि अर्थिंग. हा मुद्दा घासाघीस न करता पाळा. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून, अँपच्या थेट अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे मूल अक्षरशः अर्थची वायर हातात धरून बसतं. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. वायरमनला मीटर लावून तपासायला सांगा: फेज ते अर्थ २३० च्या आसपास यायला हवं, न्यूट्रल ते अर्थ ५ व्होल्टच्या आत. बोर्डाला ईएलसीबी किंवा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपचा असावा. अँपच्या पिनेतली मोठी अर्थ पिन कापू नका आणि दोन पिनांचा जुगाडी अडॅप्टर लावू नका.

तारांना हात लावला की घरघर कमी झाली तर घाबरू नका, ते सगळ्याच गिटारवर होतं. हात लावल्यावर वाढली किंवा झिणझिणी आली तर लगेच बंद करा. आधी घराचं अर्थिंग बघा, मग गिटारच्या आत ब्रिजला जाणारी वायर सुटली आहे का ते.

खानापूर_रोड
मेहुणा अमेरिकेत असतो, दिवाळीला येताना छोटा अँप आणतो म्हणतोय. तिकडे स्वस्त पडतो. आणू दे का?

वायरमन_शहापूर
मागच्या पट्टीवर काय छापलंय त्याचा आधी फोटो मागवा. "१२० व्होल्ट ६० हर्ट्झ" असेल तर आपल्याकडच्या २३० वर लावताक्षणी फ्यूज जाईल, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो. त्याची ताकद ठरवताना अँपचे आउटपुट वॅट धरू नका, विजेच्या वापराचा आकडा धरा आणि त्याच्या दुप्पट घ्या. छोट्या अँपला १०० व्हीएचा पुरतो. पण दोन किलोचा ठोकळा अँपशेजारी कायमचा राहणार. अडॅप्टरवर चालणारा अँप असेल आणि त्या अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर बिनधास्त आणा, फक्त पिनचा आकार बदलावा लागेल.

तारकस
आता अँपचं, ताईंच्या फ्लॅटसाठी.

घरात १० वॅट म्हणजे भरपूर, खालच्या आजोबांना ऐकू जाईल इतका. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणून १० आणि २० वॅटमध्ये भांडत बसू नका. बघायचं ते हे: हेडफोनचं भोक आहे का, ते लावल्यावर स्पीकर बंद होतो का, मोबाईलवरचं गाणं सोडायला ऑक्स इन आहे का, आणि गेनचं (आवाज फाटका करणारं) बटण वेगळं आहे का. फेंडर फ्रंटमन १०जी, व्हॉक्स पाथफाइंडर १०, मार्शल एमजी १०, ऑरेंज क्रश १२, सगळे याच वर्गातले. सहा-साडेसहा इंची स्पीकर, मोजकी बटणं, दुरुस्तीला सोपे. स्ट्रेंजरचे आपल्याकडचे क्यूब अँपही बऱ्याच दुकानांत दिसतात. ते घेताना कमी आवाजावर ऐकून बघा: तार न वाजवता गेन अर्ध्यावर ठेवा, सुस्कारा किती येतो ते लगेच कळतं.

बॉसचा काताना मिनी ७ वॅटचा, ४ इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेलवर चालतो. लाईट जाते त्या भागात सोयीचा. फेंडरचा मस्टँग एलटी २५ मोठा, २५ वॅट, ८ इंची, आत तऱ्हेतऱ्हेचे आवाज भरलेले. पण नऊ वर्षांच्या मुलीला तीस आवाज दिले की ती महिनाभर आवाजच बदलत बसते. हे माझं मत, कुणी उलट म्हणेल.

हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथ हेडफोनवर तार छेडल्यानंतर आवाज पोचायला जो उशीर लागतो तो गाणी ऐकताना कळत नाही, वाजवताना ताल मोडतो. आणि अँपच्या हेडफोनला मोबाईलसारखी आवाजाची मर्यादा नसते. बटण कुठल्या आकड्यावर थांबवायचं तिथं नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा.

कॅम्पातला
उलट म्हणतो! आवाज बदलत बसणं हेच पोरांना खेचून आणतं. साध्या अँपवर कोरडा स्वच्छ आवाज ऐकून दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात. थोडा रिव्हर्ब (घुमणारा आवाज), थोडा ओव्हरड्राइव्ह (फाटका आवाज) हवाच. ऑरेंज क्रश १२ ला ओव्हरड्राइव्हचं बटण आहे, तेवढं तरी घ्या. ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप ग्रेड परीक्षेला बसवायचा विचार असेल तर स्वच्छ आणि फाटका, दोन्ही आवाज लागणारच.

चिकोडी_भजनी
आमच्या भजनी मंडळाचा अहुजाचा अँप्लिफायर पडून असतो, माइकच्या भोकात गिटारची पिन बसते पण. तोच वापरला तर अँपचे पैसे वाचतील का?

तारकस
पिन बसते, कारण दोन्हीकडे तीच ६.३५ मिलिमीटरची. आत मात्र जमत नाही. गिटारच्या पिकअपला समोर साधारण १ मेगाओहमचं भोक लागतं. माइकचं भोक त्याच्या किती तरी पट कमी रोधाचं असतं, त्यात पिकअपचे वरचे सूर गिळले जातात आणि गोधडीखाली वाजवल्यासारखा आवाज येतो. शिवाय ती यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी आहे, गिटारच्या स्पीकरसारखी वरचे कर्कश सूर छाटत नाही. डिस्टॉर्शन लावलं तर मधमाश्यांचं पोळं.

मध्ये झूम जी१ फोरसारखा छोटा मल्टी-इफेक्ट लावलात तर जमतं. त्याचं इनपुट गिटारच्या मापाचं आहे, आत अँप आणि स्पीकरची नक्कल आहे, चार पेन्सिल सेलवर चालतो, हेडफोनही लागतो. घरच्या साउंडबॉक्सच्या ऑक्सला हाच उपाय. ताई, तुम्हालाही ही वाट खुली आहे. अँप न घेता मल्टी-इफेक्ट आणि हेडफोन. तोटा असा की बटणं बारीक, आणि पोराला गिटार उचलून लगेच वाजवता येत नाही, आधी जुळवाजुळव.

चिकोडी_भजनी
अजून एक. पोरगं हार्मोनियमबरोबर वाजवेल का? आमचे बुवा काळी चारला गातात, बायकांचं भजन काळी एकला.

कॅम्पातला
वाजवेल की. पांढरी एक म्हणजे सी, त्यावरून काळी एक सी शार्प, काळी चार जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, बुवांबरोबर जीच्या कॉर्ड, बायकांबरोबर सीच्या. आधी पेटीवरचा सूर मोबाईलच्या ट्यूनरला ऐकवा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावरून थोड्या सरकलेल्या असतात. ४४२-४४३ दाखवत असेल तर ट्यूनरमध्ये तोच आकडा भरा आणि गिटार त्यावर लावा. पेटी काही खाली येणार नाही.

अथणीहून
इकडे उन्हाळ्यात घरात गिटार ठेवली की मानेच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात. नवीन गिटारलाही झालं. माल खराब आहे का?

तारकस
माल बरा आहे, हवा कोरडी आहे. यातल्या बहुतेक गिटार इंडोनेशिया नाहीतर चीनमध्ये बनतात, दमट हवेत. अथणीकडच्या एप्रिलमध्ये लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. तीच गिटार जुलैत खानापूरला नेली तर टोकं आत जातील आणि मान पुढं वाकून तारा उंच होतील.

टोचत असेल तर मानेच्या कडेला मास्किंग टेप लावून बारीक कानसीने टोकं तिरकी घासतात, पाच मिनिटांचं काम, पण हात बसलेल्या माणसाकडूनच. मुलांच्या गिटारला हे आधी तपासा. दुकानात उजव्या हाताचा तळवा मानेच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटबोर्ड काळपट, बिनपॉलिशचा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर लेमन ऑइलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा. पिवळ्या चकचकीत मेपलला लावू नका.

खानापूर_रोड
आणि आमच्याकडे पावसाळ्यात तारा गंजतात त्याचं?

तारकस
वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसायच्या, खालून पुसायला सगळे विसरतात. गिटार बॅगेत, बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. रंग बदलणाऱ्या मिळतात, बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल आधी तिथं येते. जून ते सप्टेंबर महिन्याला एक सेट धरा, एरवी दोन-तीन महिन्यांनी.

ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या सळईला) घाबरू नका, पण जपून. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरची फट हवी, जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर गिटारसोबत आलेल्या अॅलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सुरात लावा, तासभर थांबा, पुन्हा बघा. अडलं तर जोर लावू नका. रॉड तुटला तर गिटार गेली.

टिळकवाडीची_आई
सगळ्यांचे आभार. आता दुकानात गेल्यावर नक्की काय काय बघायचं ते कुणी ओळीनं सांगेल का? मला स्वतःला वाजवता येत नाही.

तारकस
वाजवता येत नसलं तरी हे सगळं बघता येतं.

आधी गिटार सुरात लावून घ्या, बेसूर गिटार तपासण्यात अर्थ नाही. मग डोळा ब्रिजपाशी नेऊन मानेकडे बघा, पिळवटलेली असेल तर दोन्ही कडा समांतर दिसत नाहीत. ती घेऊ नका, पीळ निघत नाही. पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या अंगापर्यंत मोजा: बारीक तारेला १.६, जाडीला २ मिलिमीटरच्या आसपास. नव्या गिटारला अडीच असतंच, ते उतरवता येतं.

नट बघायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. आता पहिल्या फ्रेटवर तार जेमतेम केसभर वर दिसली पाहिजे. ठळक फट दिसली तर नट उंच आहे. मुलांच्या स्वस्त गिटारमध्ये सर्वांत जास्त सापडतो तो हाच दोष, आणि मूल "माझी बोटं दुखतात" म्हणतं ते बहुतेक यामुळं. नटाच्या खाचा खास कानसीने खोल करतात. एक फटका जास्त बसला की मोकळी तार खडखडते आणि नवा नट घालावा लागतो, म्हणून घरी करू नका.

मग दुकानदाराला एकेक तार एकेक फ्रेटवर, सहाही तारा, वाजवायला लावा. वेळ लागेल, लागू दे. कुठं खडखड किंवा एकाच फ्रेटवर मेलेला आवाज आला तर तो फ्रेट उंच-नीच आहे. शेवटी अँपला जोडून बटणं फिरवा: खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. केबलची पिन हलवल्यावर आवाज तुटला तर जॅकचं नट आवळायचं किंवा सोल्डरचा टाका मारायचा. ही दोन्ही क्षुल्लक.

सेटअपला हजार-दीड हजार वेगळे काढून ठेवा. बेळगावात जमलं नाही तर चोर्ला उतरून गोव्यात गिटारचं काम जाणणारे मिळतात, नाहीतर हुबळी-कोल्हापूर. एक सांगतो, मिरजेला नेऊ नका. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, कारागिरी वादातीत, पण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकणारे. गिटारचे फ्रेट ठोकून बसवलेले आणि घासून एका पातळीत आणलेले असतात. त्याची हत्यारं वेगळी.

कॅम्पातला
पैशांची वाटणी अशी करा: गिटार १४-१५ हजार, अँप ६-७ हजार, उरलेल्यात सेटअप, ३ मीटरची केबल, पट्टा, क्लिपचा ट्यूनर, स्टँड, दहाचे दोन सेट, ०.६० ते ०.७३ मिलिमीटरचे चार-पाच पिक. सगळं एकत्र बांधलेला जोड मिळतो त्यात बॅग आणि केबल कामचलाऊ असतात, आणि बरेचदा अँपवर हात आखडलेला असतो. अँपवर नाव-मॉडेल नसेल तर जोड घेऊ नका.

मुलगी डावरी असेल तर आत्ताच सांगा, डाव्या हाताच्या मिनी गिटार मिळणं कठीण.

टिळकवाडीची_आई
उजवीच आहे. आज एक छोटी गिटार मोजून आले. नट ते बारावा फ्रेट २८९ मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटर वर. करंगळी चौथ्या फ्रेटवर आरामात पोचली. कडा टोचत नाहीत. नटापाशी फट दिसते. दुकानदार दहाचा सेट लावून द्यायला तयार आहे. आणि काताना मिनीला त्याच्याकडचा साधा ९ व्होल्टचा अडॅप्टर देतो म्हणाला, घेऊ?

तारकस
२८९ दुणे ५७८, म्हणजे पावणेतेवीस इंची. माप बरोबर. घ्या.

अडीचवरून २ वर आणायचं तर ब्रिजवरची घोडी त्या फरकाच्या दुप्पट, म्हणजे १ मिलिमीटर खाली घ्यावी लागते, दोन छोट्या स्क्रूंचं काम. पण क्रम पाळायला सांगा: आधी दहाच्या तारा, मग मान, मग नट, मग घोडीची उंची, शेवटी बारावा फ्रेट. बाराव्यावर तार दाबून येणारा सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून येणारा सूर) चढा असेल तर घोडी मागं, उतरता असेल तर पुढं. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक पायरीला आधीची बिघडते. तारा लावल्यावर एकेक तार बोटाने हलकी ओढून पुन्हा सुरात लावायला सांगा, तीन-चारदा. नाहीतर पहिला आठवडाभर रोज उतरेल. खुंटी फिरवताना नटापाशी टिक असा आवाज आला तर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासायचं.

वायरमन_शहापूर
अडॅप्टर तो नको. बॉसला ९ व्होल्टच लागतात, पण मधली पिन ऋण आणि बाहेरचं कडं धन. बाजारातले साधे अडॅप्टर बहुतेक उलटे असतात. अडॅप्टरवर गोलाची छोटी आकृती असते, त्यात मधल्या ठिपक्याला उणे चिन्ह जोडलेलं दिसलं तरच घ्या. नसेल तर तोवर सहा रिचार्ज होणारे सेल घ्या.